‘मोशन’ची मराठी आणि एका शब्दसूचीचा हट्ट

प्रश्न : मी साताऱ्यात राहते आणि घरून इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम करते. ज्या संस्थेकडून मला काम मिळते तिने एक शब्दसूची ठरवून दिली आहे आणि तिच्यात ‘मोशन’ या शब्दापुढे ‘गती’ एवढा एकच प्रतिशब्द आहे. अलीकडे परस्परसंमतीने घटस्फोट घेणाऱ्यांसाठीचे माहितीपत्रक, खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांचे पत्रक, एका गृहनिर्माण संस्थेचे सभेचे नियम आणि नववीच्या विज्ञानाची सरावपत्रिका अशी चार कामे माझ्याकडे आली. चारही ठिकाणी हा शब्द होता. मी कुठेच ‘गती’ लिहिले नाही. संदर्भ पाहून अर्ज, हालचाल, ठराव असे शब्द वापरले आणि सरावपत्रिकेतही ‘हालचाल’ असे लिहिले. तपासनिसांनी चारही ठिकाणी ‘शब्दसूचीचे उल्लंघन’ असा शेरा मारला आणि माझे मानधन कापले गेले. मी चुकले का? चुकले नसेन, तर संस्थेशी संबंध न बिघडवता हे त्यांना कसे सांगावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

चारपैकी तीन ठिकाणी तुम्ही बरोबर आहात आणि एका ठिकाणी तपासनीस बरोबर आहेत. ते एक ठिकाण म्हणजे विज्ञानाची सरावपत्रिका. त्याबद्दल आधी लिहितो, कारण तिथला गोंधळ नीट उलगडला की उरलेल्या तीन कागदांबाबत तुम्हाला संस्थेशी अधिक ठामपणे बोलता येईल.

महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांनी या विषयातील शब्द पक्के वाटून दिले आहेत. वस्तूची जागा बदलत असते त्या स्थितीला ‘गती’, एकक कालावधीत कापलेल्या अंतराला ‘चाल’, दिशेसह मोजलेल्या चालीला ‘वेग’ आणि वेगातील बदलाच्या दराला ‘त्वरण’ म्हणायचे, असा हा संकेत आहे. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील पहिल्या प्रकरणाचे नावच ‘गतीचे नियम’ असे आहे. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेले तिन्ही नियम मुले याच शब्दांत शिकतात. सरावपत्रिका हातात घेणाऱ्या मुलाने वर्गात ‘एकसमान गती’ हे शब्द ऐकलेले असतात आणि परीक्षेतही तेच येणार असतात. अशा वेळी ‘एकसमान हालचाल’ हा दुसरा शब्द त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे त्याच्या अडचणीत भर घालणे होय. पारिभाषिक शब्द आपल्या कानाला कसा वाटतो यापेक्षा तो त्या वर्गात रुळलेला आहे की नाही, हे अशा कामात अधिक महत्त्वाचे असते.

तरीही ‘गती’ लिहिताना तुमचा हात का अडखळला, हे मी समजू शकतो. रोजच्या मराठीत हा शब्द बहुतेक वेळा वेगाच्या बाजूला झुकलेला असतो. रस्त्यावर गतिरोधक असतात, रखडलेल्या पुलाच्या कामाला गती मिळते, गाडीची गती कमी करा असे फलक लागतात. एखाद्या मुलीला गणितात चांगली गती आहे असे आपण म्हणतो तेव्हा तिची समज अभिप्रेत असते आणि एखाद्याच्या आत्म्याला गती मिळो असे म्हणतो तेव्हा बोलणे पार परलोकात गेलेले असते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर पडताच सामान्य वाचकाच्या मनात ‘गती’ म्हणताच किती भरभर, हाच प्रश्न आधी उभा राहतो. तुमच्या कानाने ही गोष्ट अचूक पकडली होती. फक्त ती लागू करताना तुम्ही पाठ्यपुस्तकालाही त्यात ओढले.

आता खांद्याच्या व्यायामांचे पत्रक पाहा, म्हणजे शब्दसूचीच्या हट्टाने किती नुकसान होऊ शकते ते दिसेल. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात ठरावीक उंचीच्या वर न्यायचा नसतो, कारण शिवलेला स्नायुबंध ताणला जाऊन पुन्हा फाटण्याचा धोका असतो. इंग्रजी पत्रकात यासाठी ‘मोशन मर्यादित ठेवा’ अशा अर्थाचे वाक्य असते. त्याचे ‘गती मर्यादित ठेवा’ असे भाषांतर केले तर घरी व्यायाम करणारे आजोबा त्याचा एकच अर्थ घेतील, तो म्हणजे सावकाश करा. ते अगदी सांगितल्याप्रमाणे सावकाश, पण हात डोक्यापर्यंत नेतील. वाक्य व्याकरणाने शुद्ध, शब्दसूचीप्रमाणे अचूक आणि रुग्णासाठी घातक, अशी ही अवस्था आहे. इथे ‘हालचाल’ हाच शब्द योग्य आहे आणि माझे मत विचाराल तर तोही पुरेसा नाही. निरोगी खांद्यात हात पुढून वर उचलला तर तो जवळजवळ १८० अंशांपर्यंत जातो. फिजिओथेरपिस्ट कोनमापकाने हा आवाका मोजतात. म्हणून पत्रकात ‘हात किती उंचीपर्यंत न्यायचा’ असे सरळ लिहावे. दुसऱ्या कोणी तुमचा हात धरून करून द्यायची हालचाल आणि तुम्ही स्वतःच्या बळावर करायची हालचाल, हा भेदही शब्दांत स्पष्ट उलगडून दाखवावा. मूळ मजकुरात त्यासाठी ‘पॅसिव्ह’ आणि ‘ॲक्टिव्ह’ ही दोन छोटी विशेषणे असतात, पण रुग्णाचा सारा दिनक्रम त्यांवर ठरत असतो.

वैद्यकाच्याच क्षेत्रात याच शब्दाचा एक अगदी वेगळा अर्थही भेटेल, तेव्हा आधीच सावध करतो. वॉर्डात परिचारिका ‘मोशन झालं का?’ असे विचारते तेव्हा ती शौचाबद्दल विचारत असते आणि ‘लूज मोशन’ हा शब्द तर खेड्यापाड्यांतील घराघरांत मराठीच झाला आहे. लेखी पत्रकात मात्र ‘शौच’ आणि ‘जुलाब’ किंवा ‘पातळ शौचास होणे’ असेच लिहावे. दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास झाल्यास त्याला अतिसार समजावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. या वाक्यात भाषांतराच्या यंत्राने ‘सैल गती’ घातलेली मी छापील कागदावर वाचली आहे. लहान बाळाची आई तो कागद वाचून मुलाला क्षारसंजीवनी कधी सुरू करायची ते ठरवणार असते. आणि ‘मोशन सिकनेस’ आले तर कोणताही कोश उघडू नका. आपल्याकडे गाडी लागते, घाटात बस लागते, बोट लागते. आतल्या कानाला शरीर हलत असल्याचे जाणवत असते आणि डोळे मात्र समोरच्या पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले असतात, या विसंगतीतून ती मळमळ होते. कारण समजावताना हे वाक्य लांबले तरी चालेल, पण आजाराचे नाव ‘गाडी लागणे’ हेच असू द्या.

घटस्फोटाच्या माहितीपत्रकाबद्दल मी अधिक सविस्तर लिहिणार आहे, कारण चार कागदांत सर्वाधिक जबाबदारीचा कागद तोच होता. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ब म्हणून आली. तिची रचना दोन टप्प्यांची आहे. आपण एक वर्ष किंवा अधिक काळ वेगळे राहत आहोत, एकत्र राहू शकलेलो नाही आणि विवाह संपुष्टात आणण्यास दोघांचीही संमती आहे, असे सांगणारा अर्ज पती-पत्नी मिळून प्रथम दाखल करतात. त्यानंतर सहा महिन्यांच्या आधी नव्हे आणि अठरा महिन्यांच्या नंतर नव्हे, अशा मुदतीत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, देण्याची विनंती करायची असते. मधल्या काळात अर्ज मागे घेतलेला नसला, तर न्यायालय दोघांचे म्हणणे ऐकून आणि चौकशी करून निर्णय देते. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात या दुसऱ्या विनंतीसाठीच ‘मोशन’ हा शब्द आहे आणि दिल्लीकडील वकिलांच्या बोलण्यात ‘फर्स्ट मोशन’, ‘सेकंड मोशन’ अशी दोन्ही टप्प्यांची नावेच पडून गेली आहेत.

हे पत्रक हाती घेणारी व्यक्ती कोणत्या मनःस्थितीत असेल याचा विचार करा. तिला दोनच गोष्टी हव्या असतात. मी न्यायालयात किती वेळा जायचे आणि दुसऱ्या वेळी समोरची व्यक्ती आली नाही तर काय होणार? ‘दुसरी गती सहा महिन्यांनंतर’ असे वाचून तिला यातले काहीच कळणार नाही. किंबहुना प्रकरण आपोआप पुढे सरकेल, असा नेमका उलटा समज होईल. आपण होऊन पुन्हा विनंती करावी लागते, ती दोघांनी मिळून करावी लागते आणि तोपर्यंत कोणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो, हे त्या एका शब्दात दडलेले आहे. तुम्ही ‘अर्ज’ लिहिलेत ते शब्दसूचीपेक्षा शतपटीने चांगले झाले. पण पहिल्या टप्प्यालाही ‘अर्ज’ आणि दुसऱ्यालाही ‘अर्ज’ म्हटल्याने थोडी गल्लत राहते. मी असतो तर पहिल्याला ‘संयुक्त अर्ज’ आणि दुसऱ्याला ‘हुकूमनाम्यासाठी दोघांची विनंती’ असे लिहिले असते. आणखी एक पाहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा निर्णय दिला की सहा महिन्यांची ही प्रतीक्षा प्रत्येक वेळी सक्तीची नाही आणि विशिष्ट परिस्थितीत न्यायालय ती माफ करू शकते. मूळ पत्रक त्याआधीचे असेल तर ही बाब संस्थेच्या नजरेस आणून देणे हे भाषांतरकाराच्या कर्तव्यात बसते, मग त्याचे मानधन मिळो वा न मिळो.

न्यायालयाच्या भाषेत हा शब्द आणखी दोन वेषांत भेटतो. मुंबईच्या वकिलांच्या तोंडी ‘नोटीस ऑफ मोशन’ असते. नगर दिवाणी न्यायालयात, आणि पूर्वी उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही, दावा चालू असताना अंतरिम आदेश मागण्यासाठी हा अर्ज करण्याची जुनी पद्धत आहे. तेच काम साताऱ्याच्या किंवा लातूरच्या दिवाणी न्यायालयात ‘निशाणी ५ चा अर्ज’ या नावाने होते आणि ‘तूर्तातूर्त मनाई’ हे शब्द पक्षकारालाही पाठ असतात. मुंबईच्या कागदात मी ‘नोटीस ऑफ मोशन’ हे नाव तसेच ठेवून पुढे ‘म्हणजे अंतरिम आदेशासाठीचा अर्ज’ असा खुलासा जोडतो, कारण वाचकाला तेच नाव फलकावर शोधायचे असते. दुसरा वेष वर्तमानपत्रातला. न्यायालयाने सुओ मोटो दखल घेतली असे आपण वाचतो. त्या लॅटिन शब्दांचे मूळ आणि आपल्या ‘मोशन’चे मूळ एकच आहे. न्यायालय कोणी न हलवता आपण होऊन हलले, हा त्याचा भाव. मराठीत त्यासाठी ‘स्वतःहून’ हा नितळ शब्द आहे आणि त्यात काहीही कमी पडत नाही.

गृहनिर्माण संस्थेच्या नियमांत तुम्ही ‘ठराव’ लिहिलेत. ते चूक नाही, परंतु तिथे एक बारीक अडचण आहे आणि तपासनिसांच्या ती लक्षात आली असती तर त्यांचा शेरा अधिक सार्थ झाला असता. सभेपुढे मांडलेली आणि अजून मत न घेतलेली गोष्ट इंग्रजीत ‘मोशन’ या नावाने ओळखली जाते आणि ती संमत झाली की तिला ‘रेझोल्यूशन’ हे दुसरे नाव मिळते. आपल्या इतिवृत्तांत मात्र दोन्हींना ठरावच म्हणतात. कोणत्याही संस्थेचे इतिवृत्ताचे पुस्तक उघडा : ‘ठराव क्र. ४ : गच्चीच्या जलरोधनासाठी तीन दरपत्रके मागवावीत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ठराव सर्वानुमते मंजूर.’ इतिवृत्तात हे खपून जाते, कारण तिथे सारे काही घडून गेल्यानंतर लिहिलेले असते. नियमांत ते चालत नाही. ‘अनुमोदन न मिळालेला ठराव बारगळेल’ आणि ‘ठराव सर्व सभासदांवर बंधनकारक राहील’ ही दोन वाक्ये एका पानावर आली की वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यावरून वाद झालाच म्हणून समजा. तेव्हा मतदानापूर्वी ‘प्रस्ताव’ आणि मंजुरीनंतर ‘ठराव’ असा भेद पाळा. सूचक आणि अनुमोदक हे शब्द दोन्हीकडे सहज बसतात.

विधिमंडळाचे काम कधी आले तर मात्र हा सोपा नियम तिथे लावू नका. त्या सभागृहांची स्वतःची, वापरून घडलेली भाषा आहे आणि ती आपल्याला जशी आहे तशी घ्यावी लागते. कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागितली की तो स्थगन प्रस्ताव, राज्यपालांच्या अभिभाषणानंतरचा आभारप्रदर्शक प्रस्ताव, पण अर्थसंकल्पातील मागणी कमी करण्यासाठी दिलेली ती कपात सूचना. मंत्र्यांचे लक्ष वेधायचे तर लक्षवेधी सूचना. विधानसभेत नियम २९३ अन्वये आणि विधान परिषदेत नियम २६० अन्वये प्रस्ताव येतात आणि वार्ताहर त्यांना नुसते ‘२९३’ आणि ‘२६०’ म्हणतात. सरकारवर अविश्वास दाखवायचा तर कुणी प्रस्ताव लिहितात, कुणी ठराव. आचार्य कृपलानींनी ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वास प्रस्ताव मांडला आणि १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. त्या दिवशीच्या बातम्या मराठीत लिहिणाऱ्या कुणालाही शब्द शोधत बसावे लागले नसेल, कारण तो आधीपासून रूढ होता. कपात सूचनेचेच पाहा. लोकसभेच्या पद्धतीत संपूर्ण धोरणालाच विरोध असेल तर मागणी एका रुपयापर्यंत खाली आणण्याची सूचना देतात आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचवतात. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘कपात गती’ लिहील आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्या लेखणीतून ‘कपात सूचना’ हेच शब्द उतरतील.

चित्रपटाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ‘स्लो मोशन’ आता मराठीच आहे, हवे तर ‘संथगती’ म्हणा. तांत्रिक लेखात मात्र एक सांभाळा. पडद्यावर दर सेकंदाला २४ चित्रचौकटी दाखवण्याचा प्रघात आहे आणि संथ दृश्य मिळवण्यासाठी कॅमेरा त्याहून अधिक वेगाने चालवावा लागतो. चित्रीकरण जलद आणि दर्शन संथ, हे वाक्यात उलटे होऊ देऊ नका.

खगोलाच्या कामात तुम्हाला ‘गती’ हा शब्द पुन्हा निःशंकपणे वापरता येईल आणि मला स्वतःला हे क्षेत्र फार प्रिय आहे. आपल्या ज्योतिर्गणितात ग्रहाची गती म्हणजे तो दिवसाला आकाशात किती सरकतो ते. सूर्याची मध्यम दैनिक गती ५९ कला ८ विकला आणि चंद्राची ७९० कला ३५ विकला मानतात (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). चंद्र एका दिवसाच्या आतही कमी-जास्त वेगाने सरकतो, त्यामुळे दिवसभराचा हिशेब त्याला पुरत नाही. हे ओळखून भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’त त्या क्षणापुरती गती काढण्याची रीत दिली आणि तिला ‘तात्कालिकी गती’ असे नाव दिले. ग्रह मागे सरकताना दिसतो तेव्हा मात्र त्याला ‘वक्री’ आणि पुन्हा पुढे चालू लागला की ‘मार्गी’ म्हणतात. पंचांग पाहणाऱ्या प्रत्येक घरात हे शब्द ठाऊक आहेत, तेव्हा तिथे ‘प्रतिगामी गती’ असे नवे घडवू नये.

आता संस्थेशी कसे बोलावे ते सांगतो. मुळात त्यांचा हेतू चुकीचा नाही. एका यंत्राच्या शंभर पानी माहितीपुस्तिकेत एकाच भागाला तीन नावे पडली तर दुरुस्ती करणाऱ्याची फजिती होते, म्हणून शब्दसूची लागते. चूक इतकीच झाली आहे की एका विषयासाठी योग्य असलेली सूची त्यांनी सर्व विषयांवर पसरली. राज्याच्या भाषा संचालनालयाचे काम याउलट आहे. १९६० पासून चाललेल्या या कार्यालयाने भौतिकशास्त्रासाठी वेगळा, न्यायव्यवहारासाठी वेगळा, शासनव्यवहारासाठी वेगळा असे विषयवार परिभाषा कोश काढले आहेत. ते आता संकेतस्थळावरही पाहता येतात. तुमच्या पत्रात या कोशांचा आधार द्या. तुमचे व्यक्तिगत मत म्हणून सांगाल तर ते मत म्हणूनच बाजूला ठेवले जाईल.

पत्र तक्रारीच्या सुरात लिहू नका आणि सर्व तपासनिसांबद्दल काही लिहू नका. सुरुवातीलाच सरावपत्रिकेतील दुरुस्ती मान्य करा आणि सुधारलेली प्रत सोबत जोडा. मग उरलेल्या तीन कागदांतले प्रत्येकी एकच वाक्य घ्या. शब्दसूचीप्रमाणे ते कसे होते आणि वाचक त्यावरून काय करील, एवढेच त्याखाली लिहा. खांद्याचे वाक्य सर्वांत आधी ठेवा. तो धोका समजायला भाषेचे ज्ञान लागत नाही आणि व्यवस्थापकाला मराठी येत नसली तरी तो त्याच्या लक्षात येईल. त्यानंतर सूचीत ‘मोशन’समोर विषयाचा रकाना जोडावा अशी सूचना करा आणि तो रकाना तुम्हीच भरून द्या : भौतिकशास्त्र – गती, शरीर – हालचाल किंवा शौच, प्रवास – गाडी लागणे, न्यायालय – अर्ज किंवा विनंती, सभा – प्रस्ताव. तयार करून दिलेली गोष्ट स्वीकारणे कोणत्याही संस्थेला सोपे जाते. तीन कागदांचे कापलेले मानधन परत मिळावे, हेही त्याच पत्रात स्पष्ट शब्दांत आणि रकमेसह लिहा. ती मागणी संकोचाने पुढच्या पत्रासाठी राखून ठेवू नका.

पुढील कामांसाठी एक सवय लावून घ्या. सूचीतील शब्द बदलावासा वाटला तर आधी शंकापत्रकात नोंद करा आणि उत्तर येईपर्यंत वाक्याशेजारी टीप ठेवा. न विचारता केलेला बदल कितीही योग्य असला तरी तपासनिसाला तो निष्काळजीपणाच वाटतो आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तसेच वाटले असते.

एवढे करूनही संस्थेने ऐकले नाही, तर व्यायामाच्या पत्रकातील आणि घटस्फोटाच्या माहितीपत्रकातील वाक्यांबाबत मात्र माघार घेऊ नका. सभेच्या नियमांत ‘प्रस्ताव’ऐवजी दुसरे काही छापले गेले तर सभासद भांडून का होईना मार्ग काढतील. ही दोन पत्रके ज्यांच्या हाती पडतात त्यांच्याजवळ विचारायला कोणी असेलच असे नाही. ‘हा मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी अनुक्रमे फिजिओथेरपिस्ट आणि वकील यांच्याकडून तपासून घ्यावा’, असे लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा.